दोन चिरे

ग्रिशा मोरजीहून कायमचा देशी निघाला
तेव्हा त्याने मला गाडी विकली, आणि वर फुकट दिलं
रशियन भाषेतलं एक जाडजूड पुस्तक,
पाने-पक्कड भरलेली ताडपत्रीची पिशवी
आणि एक हातोडा.
हातोडा देताना तो हसला नाही.

मी ट्रॉलरची इंजिनं उघडून म्हातारा झालेला माणूस.
म्हटलं, दोनच तर सिलिंडर, तेही आडवे,
ओटीवर मांडी पसरून बसल्यासारखे.
अक्षर कळत नव्हतं, आकृत्या कळत होत्या.
कुंडली बघावी तसं रात्री दिव्याखाली बघायचो
कुठला ग्रह कुठल्या घरात.

साइडकार उजवीकडे. त्यांचा रस्ताच उलटा.
म्हणजे आमची तारामती
थेट एसटीच्या तोंडासमोर.
पालशेतच्या उतारावर पहिल्याच दिवशी
ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला,
"वहिनी, तिकीट काढलंत काय?"

धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोटीचा पोरगा
एकदा चाकं मोजायचा, एकदा दरपत्रक वाचायचा.
दुचाकी म्हणावी तर एक जास्त,
रिक्षा म्हणावी तर छप्पर नाही.
शेवटी त्याने पावतीवर लिहिलं : इतर.
ती पावती अजून टाकीवरच्या पिशवीत आहे.

लोक विचारतात, भरवशाची आहे का?
मी वही काढतो.
हेदवी : डावा प्लग काळा. चहा होईतो साफ.
असगोली : मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या.
तवसाळ : चार्जिंग गेलं. दिवा न लावता घरी. चांदणं होतं.
दाभोळ : काही झालं नाही.
हेही लिहून ठेवलंय,
नाहीतर पुढे कोण खरं मानणार.

आणि वेळणेश्वर.
तिच्या भाच्याचा साखरपुडा,
हातात खण-नारळ, केसांत सुरंगीचा वळेसर,
आणि मी रस्त्याकडेला कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन.
तिने अर्धा तास सावलीत काढला.
मग म्हणाली, "ही गाडी हाय का नवस?
किती दिवस फेडायचा?"
एसटी आली. हात केला. बसली.
मागे बघितलं नाही.

तेव्हापासून तिच्या जागी दोन चिरे.
रिकामी साइडकार उजव्या वळणाला
चाक उचलते, कुत्र्यासारखी,
म्हणून वजन लागतं.
दोन मिळून बासष्ट किलो, मी सहज बोललो.
"माझं बासष्ट कुठं हाय?" आतून आवाज आला.
दोन दिवस भाकरी जरा जाडच पडली.

अनंता पालशेतकराची नवी गाडी
मोडक्याआगरला थांबली, एक पिवळा दिवा लावून.
चिपळूणहून माणूस यायला दोन दिवस,
लॅपटॉप जोडायला पाच मिनिटं.
मी त्याला हसलो नाही.
खोटं का बोला, माझी त्याच्या दसपट बंद पडते.
फक्त ती का थांबली
ते मला तिच्या आवाजावरून आधी कळतं,
आणि कधी कधी तेही कळत नाही.
मग मी हातोडा काढतो,
मारत नाही, नुसता दाखवतो.

श्रावणात घाटात दरड आली, एसटी बंद.
तिची दाढ तीन रात्री ठणकत होती.
पदर गालाला धरून अंगणात आली,
गाडीला एक फेरी घातली,
टायर चपलेने दाबून बघितला,
जसं बाजारात कलिंगड बघते.
"हे उतरवा," चिऱ्यांकडे बोट.

मी एक उतरवला. दुसऱ्याला हात घातला
तशी म्हणाली,
"तो ऱ्हाऊ दे पायाशी.
चढणीला बंद पडली तर चाकाला लावायला."

तिसऱ्या किकला लागली.
असगोलीच्या वळणावर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं :
गाल सुजलेला, छत्री मिटलेली,
दोन्ही पावलं चिऱ्यावर
घट्ट.